धावत्याचा विमा

विमा हा शब्द आपण इतक्या सहजपणे उच्चारतो, की तो मुळात भीतीच्या घराण्यातला आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. फारसीत 'बीम' म्हणजे भय. त्या भयाला पुढे कुणीतरी कागद, शिक्का आणि हप्ता बहाल केला आणि त्याचा 'बीमा' झाला. मराठीत शिरताना त्याने 'ब'चा 'व' करून घेतला आणि तो घरचाच झाला. आता विम्याचा माणूस दारात आला की आपण त्याला चहा देतो. भीतीला चहा पाजणारे आपणच!

आमच्या बोर्ली पंचतनात भीतीला तसा कधी तोटा नव्हता. उत्तरेला दिघीची खाडी, पश्चिमेला दिवेआगरचा समुद्र, डोक्यावर चार महिने पाऊस, आणि मध्ये सुपारीच्या उंच, सडपातळ बागा. सुपारीचे झाड पाहिले की मला नेहमी वाटते, इतक्या बारीक देठावर एवढा संसार उभा करण्याचे धाडस देवानेच करावे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ ह्याच पट्ट्यातून जमिनीवर चढले. दुपारच्या दोनतीन तासांत माझ्या थोरल्या बहिणीची, म्हणजे अक्काची, सासऱ्यांच्या हातची बाग आडवी झाली. त्या बागेचा विमा वगैरे काही नव्हता. अक्काने महिनाभर खोडे उचलली, आणि पहिल्या पावसातच नवी रोपे लावायला घेतली. सुपारीला धरायला सहासात वर्षे लागतात. तिने एक वही केली आहे. रोप किती आणले, खड्ड्याला मजुरी किती पडली, शेणखत किती गेले, सारे त्या वहीत आहे. वर शीर्षक एकच : 'बाग'.

मी निवृत्त शिक्षक. खेड्यातल्या शिक्षकाला पेन्शनबरोबर आणखी एक काम आपोआप चिकटते. गावात कुणाकडे जाडसा कागद आला, की तो माझ्या ओटीवर येतो. सातबारा, नोटीस, बँकेचे पत्र, इस्पितळाची फाइल, सारे मी चष्मा लावून मोठ्याने वाचतो आणि समोरचा माणूस माझ्या तोंडाकडे पाहत बसतो. गेल्या दोन वर्षांत ह्या ओटीवर दोन विम्याचे कागद आले. एक बैलाचा होता, दुसरा मोटारीचा. दोन्ही धावणाऱ्यांचे. आणि दोन्हींत एकच वाक्य लपून बसले होते.

आधी मोटारीचे सांगतो. अक्काचा मुलगा चिंचवडला एका कारखान्यात इंजिनियर आहे. लहानपणी हा पोरगा दिघीच्या धक्क्यावर तासन् तास बसायचा. लोकांना वाटे, त्याला बोटींचे वेड आहे. खरे पाहता तो बोटीतून उतरणाऱ्या मोटारींची इंजिने ऐकत असे. मोठेपणी त्याने एक जुनी छोटी मोटार विकत घेतली, मागची बाके काढून टाकली, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवला, छातीवरून जाणारे पट्टे लावले, आणि सुट्टी मिळाली की तो ती घेऊन शर्यतीच्या रस्त्यावर, ज्याला ही मंडळी 'ट्रॅक' म्हणतात, तिथे जाऊ लागला. कोइंबतूरजवळ करी मोटर स्पीडवे म्हणून असा एक ट्रॅक आहे, २००३ साली झालेला, दोन किलोमीटरांहून थोडासाच अधिक लांब. दोन किलोमीटर गोल गोल फिरण्यासाठी हा मुलगा हजार किलोमीटर जातो! पण नर्मदेची परिक्रमा करणाऱ्याला आपण असा हिशेब विचारत नाही, तेव्हा मीही विचारला नाही.

मागच्या दिवाळीत तो ताम्हिणी उतरून, माणगाव-म्हसळ्यावरून, तीच गाडी घेऊन आला. नरकचतुर्दशीच्या फराळानंतर त्याने माझ्यापुढे पॉलिसी ठेवली.

"मामा, जरा वाचा ना. ट्रॅकवर गाडी आपटली तर पैसे मिळतील का?"

वादळानंतरच्या त्या उन्हाळलेल्या बागेत हा पोरगा आईबरोबर खोडे ओढत होता. विमा नसलेल्या घराला विम्याचे महत्त्व कोणी शिकवावे लागत नाही. म्हणून त्याचा प्रश्न मला थट्टेवारी नेता आला नाही.

मोटारीची पॉलिसी हे एक वाचनीय वाङ्मय आहे, असे माझे प्रामाणिक मत झाले आहे. त्यात संकटांची जी यादी दिलेली असते, ती वाचताना एखाद्या स्तोत्राची आठवण होते. आग, स्फोट, वीज, घरफोडी आणि चोरी, दंगा आणि संप, भूकंप, पूर, वादळ, चक्रीवादळ, गारा आणि हिमतुषार, दरड कोसळणे, रस्त्याने, रेल्वेने, अंतर्देशीय जलमार्गाने किंवा विमानाने नेताना होणारी हानी. ह्या सर्वांपासून कंपनी आपले रक्षण करो! बोर्लीत हिमतुषार पडून मोटारीचे नुकसान होण्याचा संभव कमी; पण दिघीहून आगरदांड्याला जाणाऱ्या बोटीत मोटार चढवली, तर आमची खाडी अंतर्देशीय की सागरी, ह्यावर दोन वकील सुखाने आयुष्य काढू शकतील.

मग पान उलटले की स्तोत्र संपते आणि संसार सुरू होतो. 'वापराच्या मर्यादा' नावाचे एक छोटे कलम आहे. ही पॉलिसी वाहनाच्या कोणत्याही वापराला लागू आहे, परंतु पुढील गोष्टी सोडून : भाड्याने देणे, मालाची ने-आण, संघटित शर्यत, शर्यतीत दुसऱ्याला वेग धरून देणे, वेगाची चाचणी, वाहनाच्या टिकाऊपणाची परीक्षा, आणि मोटारींच्या धंद्यातला वापर. ह्या चौकटीबाहेर वापरलेल्या गाडीला काहीही झाले, तर कंपनी बांधलेली नाही. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा जो वैयक्तिक अपघात विमा त्याच कागदात असतो, तोही अशा वेळी हात झटकून मोकळा होतो.

"म्हणजे गाडी इथून कोइंबतूरपर्यंत विम्यात, आणि ट्रॅकच्या फाटकातून आत गेली की बाहेर?" भाच्याने विचारले.

"अगदी तसंच. आणि फाटकातून परत रस्त्यावर आली की पुन्हा विम्यात."

मोटार तीच, चालवणारा तोच, पण फाटकाच्या ह्या बाजूला तो गृहस्थ आणि त्या बाजूला निराधार! अर्थात हे कलम काही कंपन्यांच्या दुष्टपणातून आलेले नाही. विम्याचे मूळ तत्त्व असे, की अनेकांनी थोडे थोडे द्यावे आणि ज्याच्यावर अवचित घाला पडेल त्याला त्यातून सावरावे. इथे 'अवचित' हा शब्द महत्त्वाचा. शर्यतीत उतरणारा माणूस धोक्याला घरी बोलावणे पाठवून आलेला असतो. त्याचा भार रोज भाजी आणायला स्कूटर काढणाऱ्या गृहिणीच्या हप्त्यावर का पडावा?

तरीही कायद्याने मधली एक वाट ठेवली होती. २००२ सालच्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये एकतिसाव्या क्रमांकाची एक जोड-अट आहे. जादा हप्ता भरला, स्पर्धेचे नाव, ठिकाण, तारीख आणि आयोजक लिहून दिले, तर रॅली आणि टिकाऊपणाच्या चाचण्या ह्यांना पॉलिसी लावून घेता येते. पण त्या जोडीतही पुन्हा बजावलेले आहेच, की निव्वळ वेगाची शर्यत ह्यात नाही. त्याच टॅरिफात गाडी काही काळ वापरात नसेल, नुसती बंद करून ठेवलेली असेल, तर आग आणि चोरी एवढ्यापुरते छत्र ठेवून हप्त्यात सूट देण्याचीही सोय होती. मला ती सोय फार आवडली. आमच्याकडे जून-जुलैच्या बंदीत होड्या किनाऱ्यावर ओढून त्यांच्यावर आच्छादने घालतात, तशी ती झोपलेली मोटार माझ्या डोळ्यांपुढे आली.

खरीखुरी शर्यतीची मोटार, एका माणसापुरती, चाके उघडी असलेली, ह्या सगळ्याच्या पलीकडे. तिला नंबरपाटीच नसते. ती सार्वजनिक रस्त्यावर येतच नाही. मालमोटारीच्या पाठीवर बसून सरदारासारखी ट्रॅकवर जाते. तिच्यासाठी परदेशांत निराळे विमे मिळतात आणि त्यांचे दोन तुकडे पाडलेले असतात. एक ट्रॅकबाहेरचा : गॅरेजमध्ये असताना, वाहून नेताना, चढवता-उतरवताना. हा त्या मानाने स्वस्त. दुसरा ट्रॅकवरचा : गाडीची किंमत आधीच ठरवून घ्यायची, आणि नुकसानीचा पहिला मोठा हिस्सा मालकाने स्वतः सोसायचा. तो महाग. म्हणून शर्यतवाल्यांत कित्येक जण पहिला घेतात आणि दुसऱ्यासाठी स्वतःच्याच खिशाला विमा कंपनी नेमतात. ही विभागणी ऐकून मला आपली जुनी जोखमी हुंडी आठवली. पश्चिम किनाऱ्यावरचे व्यापारी गलबतातून माल पाठवीत, त्या मालावर हुंडी लिहीत आणि ती सराफाला विकत. गलबत सुखरूप बंदराला लागले तर हुंडीचे पैसे मिळायचे, बुडाले तर सराफाचे पैसेही त्याबरोबर बुडायचे. म्हणून सराफ ती विकत घेताना जोखमीपुरते पैसे कापून घेई. जाण्याची जोखीम वेगळी, पोचण्याचे मोल वेगळे, हे आमच्या किनाऱ्याला पॉलिसी छापण्याच्या पुष्कळ आधी कळले होते.

आता बैलाकडे येतो. शर्यतीची गाडी म्हटले की शहरातल्या माणसाला मोटार दिसते. आम्हा रायगडकरांना ओहोटीच्या वेळी घट्ट झालेली वाळू, हलका छकडा आणि फेसाळ तोंडाची बैलजोडी दिसते. अलिबाग-मुरूडकडच्या किनाऱ्यांवर ह्या शर्यती वर्षानुवर्षे चालत आल्या. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या थांबवल्या. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने नियमांसह परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. बैलांना पळवण्यात क्रौर्य आहे की प्रेम, ह्याचा वाद न्यायालयात मिटला असला, तरी माणसाच्या मनात मिटलेला नाही, माझ्याही नाही.

आमच्या शेजारच्या वाडीत एक गाडीवान आहे. त्याचा एक बैल पांढराशुभ्र, कपाळावर चंद्रकोरीएवढा काळा ठिपका. त्याला तो घरातल्या पोराआधी चारा घाली. ह्या बैलाचा विमा काढलेला होता. कानात पिवळा बिल्ला होता. कारण जनावराच्या विम्यात बिल्ला नाही तर दावा नाही, असा नियमच आहे. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात तो जोडी टेम्पोत घालून, दिघीच्या बोटीने पलीकडे नेऊन, एका किनाऱ्यावर शर्यतीला उतरला. गाडी पहिली आली. निशाणापलीकडे शंभर पावलांवर तो पांढरा बैल खाली बसला आणि उठला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

चार दिवसांनी गाडीवान पॉलिसी घेऊन ओटीवर आला. मी वाचू लागलो. वय, रंग, शिंगे, बिल्ल्याचा क्रमांक, किंमत. कामाच्या रकान्यात लिहिले होते : 'शेती'. आणि खाली, वगळलेल्या गोष्टींत, ते वाक्य : पॉलिसीत सांगितलेल्या कामावाचून दुसऱ्या कामासाठी, कंपनीच्या लेखी संमतीशिवाय, जनावर वापरले असल्यास दावा चालणार नाही.

ते ऐकून त्याच्याबरोबर आलेले दोघे म्हणाले, "गुरुजी, शेतात पाय घसरला म्हनून लिवा. नांगराला होता म्हना. कोन बघाया आलंय?"

मी कागद खाली ठेवला. असला मजकूर माझ्या हातून लिहून होणार नव्हता, आणि ते सांगण्यासाठी मी शब्द जुळवत होतो. पण गाडीवानच आधी बोलला. "नाय गुरुजी," तो म्हणाला, "माझा बैल नांगराला नाय मेला. पयला येऊन मेला. चार पैशांसाठी त्याचा पयला नंबर मी कसा खोडू?"

त्याने पॉलिसीची घडी केली, खिशात घातली आणि तो निघून गेला. दावा त्याने केलाच नाही. बिल्ला त्याच्या देवघराच्या कोनाड्यात आहे, हे मी पाहिले आहे. त्याने बैलाला पळवायला नको होते, असे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे मला खोटे वाटत नाही. पण खरे बोलण्याचे इतके विलक्षण कारण मी जन्मात ऐकले नव्हते.

ही हकीकत मी भाच्याला सांगितली, ती उगाच नव्हे. कारण त्याच्याही मित्रांनी त्याला तसाच शहाणपणा शिकवून ठेवला होता. ट्रॅकवर गाडी ठोकली तर ती ओढत बाहेरच्या रस्त्यावर आणायची, फोटो काढायचे, आणि वळणावर कुत्रे आडवे आले असे सांगायचे. बिचारे कुत्रे! त्याच्या नावावर ह्या देशात किती खोटे अपघात जमा असतील!

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण मामा, गाडी माझी, पैसे माझे. मी ती मोडली तर कुणाचं काय जातं?"

ह्यावर मी त्याला ल माँची गोष्ट सांगितली. ११ जून १९५५. फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या शर्यतीत पिएर लव्हेग ह्याची मर्सिडीज पुढच्या गाडीवर आदळून उडाली आणि कठड्यावर फुटली. तिचे जळते तुकडे प्रेक्षकांत शिरले. लव्हेग गेला, आणि त्याच्याबरोबर ऐंशीहून अधिक प्रेक्षक गेले. ते काही वेगाच्या नादाने आले नव्हते, जूनमधल्या एका शनिवारी पोराबाळांना घेऊन गंमत पाहायला आले होते. मर्सिडीजने रात्री आपल्या उरलेल्या गाड्या काढून घेतल्या, आणि स्वित्झर्लंडने अशा शर्यतींवर बंदी घातली, ती पुढे कित्येक दशके टिकली. आपल्याकडच्या मोटार वाहन कायद्यात तिऱ्हाइताचा विमा सक्तीचा आहे तो ह्याचसाठी. पण त्याच कायद्याने विमा कंपनीला एक बचावही दिला आहे : शर्यत किंवा वेगाची चाचणी वगळलेली असताना गाडी त्यासाठीच वापरली, तर ती तिऱ्हाइताच्या दाव्यातूनही अंग काढून घेण्याची मागणी करू शकते. म्हणून रीतसर शर्यतीत आयोजकाला प्रेक्षकांसाठी निराळा विमा घ्यावा लागतो. आणि म्हणूनच परवानगीवाचून रस्त्यावर केलेली शर्यत हा गुन्हा आहे. दोरीच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाने कोणत्याही कागदावर सही केलेली नसते.

अक्का इतका वेळ आत चकल्या तळत होती. तिला सारे ऐकू जात होते. हात पुसत ती बाहेर आली आणि खांबाला टेकून उभी राहिली.

"गाडीचं झालं, बघणाऱ्यांचं झालं," ती म्हणाली. "आत बसतो त्याचं काय लिहिलंय?"

कुणी काही बोलेना. तेव्हा तीच म्हणाली, "बाग पडली, मी परत लावली. सात वर्षं थांबायची माझी तयारी आहे. पण सगळंच काही परत लावता येत नाही, बाळ."

ती परत आत गेली. तळणीचा आवाज पुन्हा सुरू झाला. भाच्याने पॉलिसी गुंडाळून ठेवली आणि आपल्या पिशवीतून दुसरा एक कागद काढला. तो आयुर्विम्याचा अर्ज होता. तीन महिने तसाच अर्धा भरून राहिलेला. त्यात एक प्रश्न असतो : आपणांस मोटार-शर्यत, गिर्यारोहण असले काही धोक्याचे छंद आहेत काय? त्याने 'होय' किंवा 'नाही' काहीच लिहिले नव्हते. 'नाही' लिहिले तर हप्ता कमी. पण विमा हा करारच पूर्ण विश्वासाचा, लपवलेली गोष्ट उघडी पडली की कागदाची होडी होते. 'होय' लिहिले तर हप्ता चढणार. माझ्या टेबलावरचे पेन घेऊन त्याने 'होय' लिहिले. खाली तपशिलाच्या जागेत ट्रॅकचे नाव, वर्षातून किती वेळा, कोणती गाडी, सारे बारीक अक्षरात भरले. शर्यतीला जाताना गाडी ट्रकवर घालून न्यायची, रस्त्यावरच्या पॉलिसीकडून ट्रॅकवर एक पैची अपेक्षा ठेवायची नाही, दुरुस्तीसाठी दरमहा वेगळे पैसे टाकायचे, आणि तेवढे साठल्यावाचून गाडी फाटकातून आत न्यायची नाही, असे त्याने त्याच बैठकीत ठरवले. शर्यत सोडतो, असे मात्र तो म्हणाला नाही. अक्कानेही तसे म्हणवून घेतले नाही.

पौष महिन्यात कंपनीचे उत्तर आले. हप्ता बराच चढला होता. भाचा स्वतः भरणार होता, पण पहिला हप्ता मी देणार, म्हणून अक्का हटून बसली, आणि तिने तो सुपारीच्या पैशांतून दिला. उरलेल्या जुन्या चारपाच झाडांची सुपारी होती ती. त्या संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो तेव्हा ती वही उघडून बसली होती. मी सहज डोकावलो. रोपे, मजुरी, शेणखत, कुंपणाची तार, आणि त्याखाली त्याच पानावर, त्याच शाईने, हप्त्याची रक्कम. निराळे पान तिने घातले नव्हते. वर शीर्षक होते तेच होते : 'बाग'.